तेवीस मजले आणि दुपारचे दोन

ही बिल्डिंग तुम्ही पाहिलेली आहे. मुंबईला कधी गेला नसाल तरी पाहिलेली आहे. हिंदी सिनेमात मरीन ड्राइव्ह दाखवताना कॅमेरा समुद्राच्या कडेकडेने फिरत जातो आणि टोकाला एक पांढरा उंच टॉवर दिसतो ना, तीच. एअर इंडियाची बिल्डिंग, नरिमन पॉइंट. २३ मजले, साल १९७४, डिझाइन न्यूयॉर्कच्या जॉन बर्जी यांचं. विमान कंपनीचं हेड ऑफिस २०१३ मध्ये दिल्लीला गेलं. २०२२ च्या जानेवारीत कंपनीच टाटांकडे परत गेली, पण बिल्डिंग काही त्या व्यवहारात गेली नाही, ती केंद्र सरकारकडेच राहिली. मग ती घ्यायला महाराष्ट्र सरकार पुढे आलं. जेएनपीटी आणि एलआयसी हेही एकेकाळी शर्यतीत होते. शेवटी मार्च २०२४ मध्ये केंद्राने मान्यता दिली आणि किंमत ठरली १,६०१ कोटी रुपये. शिवाय राज्याची जी २९८ कोटी ४२ लाखांची येणी होती, ती राज्याने सोडून दिली. म्हणजे समुद्रकाठचा टॉवर आता सरकारी ऑफिस होणार.

यावर आमच्या हॉस्टेलच्या विंगमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणते, एवढ्या पैशात किती शाळा, किती रस्ते झाले असते! दुसरी पार्टी म्हणते, अगं सरकारने काय कायम पिवळ्या भिंती आणि मोडक्या खुर्च्यांतच बसायचं का? दुबई बघ, शांघाय बघ. मेसमध्ये वरण थंड झालं तरी वाद संपला नाही. मला दोन्ही पार्ट्या पटल्या नाहीत, म्हणून हा लेख. (मराठी विभागासाठी लिहितेय म्हटल्यावर रूममेट हसली. कॉन्व्हेंटवाली मराठीत लिहिणार! लिहिणार. घरी आम्ही काय लॅटिन बोलतो का?)

आधी पहिल्या पार्टीला उत्तर. जुनी उभी बिल्डिंग घेणं हे नवी बांधण्यापेक्षा वाईट नाही. आपण सिव्हिलवाले दर सेमिस्टरला सिमेंट आणि स्टील तयार करताना किती कार्बन बाहेर पडतो ते घोकतो आणि परीक्षा संपली की विसरतो. एवढ्या मोठ्या सांगाड्यात तो सगळा कार्बन १९७४ सालीच खर्च झालेला आहे. तो पाडून नवा उभा करणं म्हणजे पुन्हा तेवढाच खर्च. दुसरं, सरकारची खाती दक्षिण मुंबईत ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, चौथ्या मजल्यापासून वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली, फायलींचे ढीग राख झाले. त्यानंतर कितीतरी विभागांना जागा शोधत हिंडावं लागलं. त्यांना एक छप्पर मिळत असेल तर त्याला उधळपट्टी म्हणायची मला घाई नाही.

फक्त एक आहे. ही बिल्डिंग भराव टाकून केलेल्या जमिनीवर पन्नास वर्षं समुद्राचा खारा वारा खात उभी आहे. कॉन्क्रीट टेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण रिबाउंड हॅमर टकटक मारून जर्नल पूर्ण करतो, अल्ट्रासोनिक पल्सचं रीडिंग तर निम्मे जण मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतात. पण इथे त्या टेस्टला खरा अर्थ आहे. हवेतलं क्लोराइड कॉन्क्रीटच्या कव्हरमधून आत मुरत जातं, एकदा सळईपर्यंत पोचलं की सळईवरचा संरक्षक थर तुटतो, गंज चढतो, गंजाला जागा जास्त लागते म्हणून कव्हर फुगून ढलपे पडतात. बाहेरून पांढरा रंग मारला की काही दिसत नाही. त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट होऊन त्याचा रिपोर्ट लोकांना वाचायला मिळायला हवा, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नव्हे. आणि २०१२ ची आग सहा-सात मजली मंत्रालयात होती. इथे २३ मजले आहेत. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते हे आपल्याला फर्स्ट इयरपासून सांगतात. साठी ओलांडलेला माणूस अठराव्या मजल्यावरून धुरात जिना उतरतोय, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून जिने, रेफ्युज एरिया, दरवाजे, खुणा सगळं पुन्हा तपासायला हवं. हे झालं इंजिनिअरिंग. ते पैसे टाकले की होतं.

खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो मुंबईच्या नकाशात आहे.

चर्चगेट स्टेशनच्या बाहेर ओव्हल मैदान आहे. त्याच्या पूर्वेला युनिव्हर्सिटी, हायकोर्ट अशी दगडी इमारतींची रांग आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतली तीच ही रांग, समोरच्या आर्ट डेको बिल्डिंगांसकट. या रांगेत एक जुनं सचिवालय आहे. कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी बांधलेलं, १८७४ मध्ये पूर्ण झालेलं. आता तिथे सिव्हिल अँड सेशन्स कोर्ट भरतं. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने फोर्टचा तट पाडला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर ही रांग उभी राहिली. तेव्हा सचिवालयाच्या समोर मैदान, मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ आणि रुळांपलीकडे लगेच समुद्र होता. म्हणजे इंग्रज सरकार समुद्राकडे तोंड करून बसलं होतं. त्यांचं ठीक आहे, ते समुद्रातूनच आले होते आणि त्यांना परतही त्याच वाटेने जायचं होतं!

पुढे १९२० च्या दशकात बॅकबेचा समुद्र मागे सारायचं काम निघालं. ही स्कीम इतकी फसली की गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने तिची टिंगल झाली. त्यातला गैरकारभार खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलाने उघडा पाडला. त्यांच्यावर स्कीममधल्या एका इंजिनिअरने अब्रुनुकसानीची केस केली आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. आता गंमत बघा, समुद्र बुजवण्याच्या धंद्याविरुद्ध लढलेल्या माणसाचं नाव आपण कशाला दिलं? समुद्र बुजवून केलेल्या पॉइंटला! मुंबईचा विनोद असाच असतो.

या भरावाच्या जमिनीवर १९५५ मध्ये नवं सचिवालय उभं राहिलं. १९७५ मध्ये त्याचं नाव मंत्रालय झालं. मग साठ-सत्तरच्या दशकांत आणखी पुढचा समुद्र बुजवला आणि नरिमन पॉइंटचे टॉवर आले, त्यातलाच एक एअर इंडियाचा. १८७४, १९५५ आणि आता हा टॉवर. समुद्र जसजसा मागे हटला, तसतसं सरकार त्याच्या मागे मागे गेलं. प्रत्येक वेळी अर्धा-एक किलोमीटर पश्चिमेला. आता याच्या पुढे मात्र खरंच पाणी आहे.

तुम्ही म्हणाल, अर्ध्या किलोमीटरने काय फरक पडतो? म्हणून आता आमच्या गावाबद्दल सांगते. गावाचं नाव राहू. हो, राहू-केतूमधलाच राहू. सगळे जोक फर्स्ट इयरला करून झालेले आहेत, त्यामुळे पुढे वाचा. तालुका दौंड, जिल्हा पुणे. एका बाजूला मुळा-मुठा, दुसऱ्या बाजूला भीमा, मधल्या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. ऊस, गुऱ्हाळं, सीझनमध्ये काकवीचा वास थेट रस्त्यापर्यंत. पुण्यापासून फार तर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पुणे, म्हणजे आयटीवालं, मेट्रोवालं पुणे. मराठवाडा-विदर्भातले माझे मित्र तर म्हणतात तुम्ही शहरातलेच. मान्य. म्हणूनच हे उदाहरण घेतेय, कारण हे सोप्यातलं सोपं उदाहरण आहे.

समजा, राहूच्या एका शेतकऱ्याला मुंबईत काम आहे. त्याला डेक्कन क्वीन धरायची तर ती पुण्यातून ७.१५ ला सुटते. त्यासाठी राहूतून पहाटे अंधारात निघायला हवं, मोटारसायकल, नाहीतर कुणाची तरी गाडी. १०.२५ ला सीएसएमटी. तिथून बस किंवा टॅक्सी करून अकराला तो मंत्रालयाच्या गेटवर हजर. आता गंमत. सर्वसामान्य माणसाला आत सोडायची मंत्रालयाची जुनी वेळ दुपारी २ ची. म्हणजे तीन तास फुटपाथवर, झाडाखाली, डबा खात. २ वाजता पासची लाइन, २०२५ पासून तर चेहरा ओळखणारं मशीनही आलं. आत पोचून खातं कुठल्या मजल्यावर आहे ते विचारत विचारत जावं तर साहेब मीटिंगमध्ये. आणि परतीची डेक्कन क्वीन ५.१० ला. ती गाठायची तर साडेचारला बाहेर पडलंच पाहिजे. हिशेब करा, पहाटे चारपासून रात्री दहापर्यंतच्या अठरा तासांच्या दिवसात सरकार त्याच्या वाट्याला आलं ते जास्तीत जास्त अडीच तास, लाइन धरून! हे पुण्याशेजारच्या माणसाचं. गडचिरोलीच्या माणसाचं गणित तुम्हीच करा, माझ्याकडे कॅल्क्युलेटर असूनही मी केलं नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर आपल्या हॉस्टेलची तक्रारवही आठवा. गीझर बंद पडला की वहीत लिहायचं. वहीवर वॉर्डनची सही, मग रेक्टर, मग इस्टेट ऑफिस, मग अकाउंट्स, मग कोटेशन, तोवर उन्हाळा येतो आणि गीझरची गरजच संपते. आता समजा मॅनेजमेंटने यावर उपाय म्हणून इस्टेट ऑफिसला काचेची नवी पाच मजली बिल्डिंग बांधून दिली. गीझर चालू होईल? नाही ना? पण समजा वॉर्डनला सांगितलं की पाचशे रुपयांपर्यंतचं काम तुम्हीच बोलवा आणि करून घ्या, वर विचारू नका. त्याच दिवशी संध्याकाळी प्लंबर मामा येतील. (आमच्या रेक्टर सरांनी हे मनावर घेऊ नये, घेतलं तर आनंदच आहे.)

आणि ही काही माझी आयडिया नाही. मला वाटायचं की सत्ता खाली वाटणं वगैरे आपण परदेशातून शिकतो. मग कळलं की महाराष्ट्राने हे १९६२ मध्येच केलं होतं. राज्य झालं १ मे १९६०. बरोबर दोन वर्षांनी, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. शाळा, दवाखाने, छोटे रस्ते यांचं काम जिल्ह्यात आणि तालुक्यात आलं. पेपरवाले आजही जिल्हा परिषदेला ‘मिनी मंत्रालय’ म्हणतात, तो शब्द उगाच नाही पडला. त्याच भरावावरच्या सचिवालयात बसून त्या लोकांनी आपल्याच टेबलावरची कामं उचलून खाली दिली. याला धाडस लागतं. टॉवर घ्यायला फक्त चेक लागतो.

अलीकडचं उदाहरण हवं तर सातबारा घ्या. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला. आमच्या आबांना आधी एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरावं लागायचं. भाऊसाहेब आज सज्जावर नाहीत, उद्या मीटिंगला आहेत, परवा सुट्टी. आता मी हॉस्टेलच्या खोलीत बसून त्यांना उतारा काढून व्हॉट्सॅपवर पाठवते आणि ते गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट मारतात. आबांच्या दृष्टीने माझ्या इंजिनिअरिंगचा आजवरचा एवढाच उपयोग! सांगायचं काय, की या एका कामाने जेवढे हेलपाटे वाचले तेवढे कुठल्याही बिल्डिंगने वाचले नसते. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही तसाच, अमुक दाखला अमुक दिवसांत द्यायचाच, नाही दिला तर अपील. कायदा चांगला आहे, तो माहीत किती जणांना आहे हा भाग वेगळा.

आता दुसरी पार्टी म्हणेल, मग सगळंच मोबाइलवर आणा, मंत्रालयच कशाला हवं? तसं नाही हो. काही गोष्टी तालुक्यात सुटतच नाहीत. आमचीच नदी घ्या. मुळा-मुठा पुण्यातून वाहत खाली आमच्याकडे येते. शहराचं मैलापाणी पुरेशी प्रक्रिया न होता नदीत सुटतं आणि खाली आमच्या पट्ट्यात जलपर्णी, फेस, वास. लहानपणी आबा सांगायचे की ते या नदीत पोहायला शिकले. मला वाटायचं ते थापा मारतायत. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून नदी सुधारायची ९९० कोटींची योजना २०१६ मध्ये ठरली. यात राहूची ग्रामपंचायत काय करणार? दौंडचे तहसीलदार तरी काय करणार? घाण सोडणारं शहर एकीकडे, ती भोगणारं गाव दुसरीकडे, दोघांच्या वर बसलेलं जे ऑफिस आहे त्यालाच जाब विचारावा लागतो. तसंच शेतीला दिवसा वीज देण्याचं. उसाला पाणी द्यायला रात्री बारा वाजता मोटर चालू करायला जायचं आणि उसात बिबट्या, हा आमच्याकडे विनोद नाही. हा निर्णयही मुंबईतच होतो. म्हणजे माणूस मुंबईला जाणारच. कामं खाली दिल्यावर जे उरेल, ते सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं असेल. म्हणून त्या दाराशी त्याचं काय होतं हे बघावं लागतं.

ते दार कसं आहे? जानेवारी २०१८ मध्ये धर्मा पाटील नावाचे धुळे जिल्ह्यातले ८४ वर्षांचे शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी हेलपाटे घालून घालून शेवटी मंत्रालयात विष प्यायले आणि काही दिवसांनी गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मंत्रालयाच्या आतल्या चौकात जाळी बांधली. वरून कुणी उडी मारली तर जीव वाचावा म्हणून. जाळी बांधली हे बरोबरच केलं, जीव वाचलाच पाहिजे. पण ज्या ऑफिसला लोकांच्या निराशेसाठी जाळी बांधावी लागते त्या ऑफिसने मजले मोजण्याआधी थोडं थांबायला हवं की नको? ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आमदारच आपल्या मागणीसाठी त्या जाळीवर उतरले. ज्यांना पास लागत नाही त्यांचंही आत कुणी ऐकत नाही म्हणायचं!

आता मला सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी गोष्ट. १९६५ मध्ये तीन मुंबईकरांनी एक सुचवलं होतं. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे आर्किटेक्ट, आणि शिरीष पटेल, आपल्यासारखे सिव्हिलवाले. केम्प्स कॉर्नरचा फ्लायओव्हर, देशातल्या पहिल्यांपैकी एक, त्यांचाच. ‘मार्ग’ मासिकात त्यांनी लिहिलं की दक्षिण टोकाला गर्दी वाढवू नका, बंदराच्या पलीकडे मुख्य जमिनीवर नवं शहर वसवा आणि सरकारी ऑफिसं तिकडे न्या, म्हणजे त्यांच्या मागे बाकीचे जातील. सरकारने ऐकलं, पण अर्धंच. १९७० मध्ये सिडको झाली, नवी मुंबई झाली. पण मंत्रालय काही हललं नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून टॉवरवर टॉवर चढत होते. १९७४ चा एअर इंडियाचा टॉवर म्हणजे त्या न ऐकलेल्या अर्ध्या भागाचंच स्मारक. आणि पन्नास वर्षांनी सरकार तेच स्मारक विकत घेतंय.

नवी मुंबईत मंत्रालय असतं तर आमच्या शेतकऱ्याला घाट उतरल्यावर पुढचं शहर ओलांडावंच लागलं नसतं. बेलापूरला कोकण भवन आहेच की, कोकणचे विभागीय आयुक्त तिथेच बसतात, आणि त्यामुळे कोकणचं काही बिघडलं नाही.

कोलकात्याचं उदाहरण मात्र देणाऱ्यांनी जपून द्यावं. तेही आपल्यासारखंच जुनं बंदर. तिथलं सरकार २०१३ मध्ये रायटर्स बिल्डिंगमधून निघून हुगळीपलीकडे हावड्याला ‘नबान्न’ नावाच्या उंच इमारतीत गेलं. तीही सरकारी ऑफिससाठी बांधलेलीच नव्हती, गारमेंट पार्क म्हणून उभी केली होती. नदी ओलांडली हे कौतुकाचं. पण मुख्यमंत्री चौदाव्या मजल्यावर बसल्या म्हणून खालच्या माणसाची लाइन छोटी होते असं काही नाही. बिल्डिंग हलवली आणि सह्या तशाच राहिल्या तर फक्त फायलींना समुद्र किंवा नदी दिसायला लागते.

तर माझं मत असं. टॉवर घेतलाय, ठीक. पण त्यात जेवढी ऑफिसं जातील तेवढ्या अधिकारांची यादीही त्याच दिवशी निघावी, की ही कामं आजपासून विभागीय आयुक्तांकडे, ही कलेक्टरकडे, ही तहसीलला. एक मजला भरला की एक यादी. मजले २३ आहेत, याद्याही २३ होऊ देत. आणि तळमजला लोकांचा. तिथे शोरूम नको, संगमरवरी लॉबी नको, कारंजं तर अजिबात नको. बसायला बाकडी, प्यायला पाणी, स्वच्छ संडास (बायकांसाठी खास करून, आमच्या गावच्या बाया मुंबईला जायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, का ते मुलींना सांगायला नको), कुठलं खातं कुठल्या मजल्यावर याचा मोठ्या अक्षरात मराठी बोर्ड, झेरॉक्स, आणि अर्ज लिहून देणारं कुणीतरी. फाइल कुठे अडकली आहे ते खालीच स्क्रीनवर कळलं तर निम्म्या लोकांना लिफ्टमध्ये चढावंच लागणार नाही. लिफ्टचा लोड आपोआप कमी. हे तर आपल्या मेकॅनिकलवाल्यांनाही पटेल.

आणि ती २ ची वेळ. बाहेरगावच्या माणसासाठी ती ११ करा. ओळखपत्रावर पत्ता असतोच, मुंबईबाहेरचा असला की आधी आत. यासाठी १,६०१ कोटी लागत नाहीत, एक जीआर लागतो. सिक्युरिटीचं कारण सांगतील, आणि ते खोटं नाही. १२ मार्च १९९३ च्या ज्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली त्यातला एक स्फोट याच एअर इंडियाच्या बिल्डिंगखाली झाला होता. तपासणी कडक हवीच. पण सकाळी ११ ला तपासलेला माणूस दुपारी २ ला तपासलेल्या माणसापेक्षा जास्त धोकादायक असतो असं कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून फ्लोरा फाउंटनला माणसं गोळ्या खाऊन पडली. तो हुतात्मा चौक जुन्या सचिवालयापासून चालत थोड्याच अंतरावर आहे. पडलेले सगळे काही मुंबईत बंगले असलेले नव्हते. बहुतेक गिरण्यांतले, गोदीतले, म्हणजे कुठल्या ना कुठल्या राहूमधूनच आलेले. ‘मुंबई आपली’ हे वाक्य आपण मॅच बघताना ओरडतो. ते गेटवरच्या माणसाला कसं ऐकू येत असेल?

जाता जाता थर्ड इयरच्या सीआर लोकांना एक विनंती. यंदा इंडस्ट्रियल व्हिजिट मुंबईला काढायचं चाललंय असं कानावर आलं आहे आणि संध्याकाळ चौपाटीसाठी मोकळी ठेवली आहे म्हणे. चौपाटी करूच, पाणीपुरी माझ्याकडून. पण दुपारी चर्चगेटला उतरून ओव्हलवरून जुनं सचिवालय, तिथून मंत्रालय, तिथून नरिमन पॉइंट असं चालत जाऊ. फार लांब नाही, रमतगमत तासाभरात होतं. मंत्रालयाच्या गेटसमोर दोनच्या आधी पोचू आणि लाइनमधल्या लोकांना विचारू, तुम्ही कुठून आलात, किती वाजता निघालात. वही मी आणते. ज्यांना यायचं आहे त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या वॉचमन मामांकडे नाव देऊन ठेवावं.